शब्दार्जन आणि अर्थविभाजन : कोरियन भाषकाच्या ‘वेअर’च्या निमित्ताने

परभाषेतील शब्द शिकणे म्हणजे त्या शब्दाला स्वभाषेतील एक प्रतिशब्द जोडून ती जोडी स्मरणात ठेवणे, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत शब्दकोशांनी निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा, शब्दकोशांतून गाळून तयार केलेल्या शब्दसूचींनी ती रूढ केली असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. द्वितीय भाषेच्या अध्यापनात ‘कठीण शब्द’ म्हणून ज्यांची वेगळी नोंद केली जाते ते बहुधा दीर्घ, अमूर्त अथवा क्वचित वापरले जाणारे शब्द असतात. असे शब्द खरे पाहता फारसे कठीण नसतात. पारिभाषिक नामाचा अर्थ दोन भाषांत जवळजवळ सारखाच असतो. त्याचे केवळ नाव नवे असते. कठीण असतात ते रोजच्या राबत्यातील लहान शब्द. ते पहिल्याच वर्षी शिकविले जातात, म्हणून ते ‘येतात’ असे गृहीत धरले जाते आणि पुढे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

कोरियन भाषकाच्या दृष्टीने इंग्रजीतील ‘वेअर’ हे क्रियापद अशा शब्दांपैकी एक आहे. अंगावर वस्त्र, पादत्राण, टोपी, दागिना, घड्याळ, चष्मा यांपैकी काहीही असले तरी इंग्रजी भाषकाला हे एक क्रियापद पुरते. कोरियन भाषेत मात्र ही एकच कृती नाही. सदरा, विजार, झगा यांसाठी ‘इप्ता’. जोडे व पायमोजे यांसाठी ‘शिन्ता’. टोपी, चष्मा, मुखवटा यांसाठी ‘स्सुदा’. अंगठी व हातमोजे यांसाठी ‘क्किदा’. गळ्यातील टाय, गाडीतील पट्टा अशा बांधून बसवायच्या वस्तूंसाठी ‘मॅदा’. आणि मनगटावरचे घड्याळ, कमरेची तलवार यांसाठी ‘छादा’. (शेवटचा ‘दा’ किंवा ‘ता’ हा मराठीतील ‘णे’प्रमाणे कोशातील रूपाचा प्रत्यय आहे.) चष्म्याला ‘स्सुदा’ आणि ‘क्किदा’ ही दोन्ही चालतात, कारण तो चेहऱ्यावर असतो आणि कानांत अडकतोही. म्हणजे वस्तू शरीराच्या कोणत्या भागावर आहे आणि ती तेथे कशी राहिली आहे, हे सांगितल्यावाचून कोरियन वाक्य पुरेच होत नाही.

मराठी वाचकाला हे विभाजन परके वाटण्याचे कारण नाही. सदरा घालतात, लुगडे नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, टिकली लावतात. आणि ‘लेणे’ हे क्रियापद आता बहुधा कवितेपुरते उरले असले तरी दागिने लेणारी स्त्री मराठीच्या स्मरणातून गेलेली नाही. तरीही दोन्ही भाषांच्या विभाजनाचे तत्त्व एक नाही, आणि हा भेद लक्षणीय आहे. कोरियन भाषा प्रामुख्याने शरीराला विचारते : डोके, पाय, बोट की धड? मराठी प्रामुख्याने वस्तूला विचारते : शिवलेली की बिनशिवलेली, गुंडाळायची की अडकवायची, ऊब देणारी की शोभेची? म्हणून मराठीत बूट आणि सदरा दोन्ही घालता येतात, पण साडी आणि सदरा या दोहोंना परंपरेने एक क्रियापद चालत नाही. कोरियन भाषेत नेमके उलट आहे. जपानी भाषा आणखी तिसऱ्याच ठिकाणी रेघ ओढते. तेथे कमरेच्या वरच्या वस्त्रांना ‘किरू’ आणि खालच्या वस्त्रांना, जोड्यांसह, ‘हाकू’ असे म्हणतात. सोस्यूरने शब्दाच्या अर्थाहून त्याचे ‘मूल्य’ वेगळे मानले, ते याच कारणासाठी. फ्रेंच ‘मूतों’ आणि इंग्रजी ‘शीप’ यांचा त्याने दिलेला दाखला वर्गात वर्षानुवर्षे सांगितला जातो. ‘घालणे’ आणि ‘नेसणे’ हाताशी असताना मेंढीकडे जाण्याची खरे तर गरज नव्हती.

आता सर्वसाधारण मत असे दिसते की, ज्या भाषकाजवळ सहा क्रियापदे आहेत त्याला एक शिकणे सोपे असले पाहिजे. अडचण असेल तर ती सहा शिकाव्या लागणाऱ्या इंग्रजी भाषकाला. हे मत अर्धेच खरे आहे. कोरियन शिकणाऱ्या इंग्रजी भाषकाची अडचण उघड असते. तो चुकतो, त्याला हसतात, तो सुधारतो. इंग्रजी शिकणाऱ्या कोरियन भाषकाची अडचण झाकलेली राहते, कारण ‘वेअर’ हा शब्द वापरताना तो सहसा चुकत नाही. टोपीला ‘वेअर’ आणि जोड्यालाही ‘वेअर’ हे तो पाठ करतो. परंतु पाठ केलेला नियम आणि आत्मसात झालेला शब्द यांत अंतर आहे. त्याला एक नवा शब्द मिळविण्याबरोबर एक जुना प्रश्न विचारणे थांबवायचे असते, आणि हा प्रश्न त्याने जाणीवपूर्वक कधीच विचारलेला नसतो.

छत्रीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. कोरियन भाषेत छत्रीलाही ‘स्सुदा’ हेच क्रियापद लागते, कारण टोपीप्रमाणे तीही डोक्यावर येते. ‘स्सुदा’ म्हणजे ‘वेअर’ अशी जोडी पाठ केलेल्या विद्यार्थ्याने ‘मी छत्री वेअर केली’ या घाटाचे इंग्रजी वाक्य रचले, तर ती चूक अज्ञानाची म्हणता येणार नाही. ती दिलेल्या समीकरणातून निघालेला तर्कशुद्ध निष्कर्ष आहे. हेच क्रियापद खोट्या आरोपालाही चालते. ज्याच्यावर आळ येतो तो तो आळ जणू डोक्यावर धारण करतो. (मराठीतही खापर डोक्यावरच फुटते, हे येथे सहज आठवावे.) तसेच ‘इप्ता’ हे क्रियापद जखम, नुकसान आणि उपकार यांनाही लागते. हानी अंगावर येते, कृपाही अंगावर येते, आणि माणूस ती वस्त्रासारखी धारण करतो. कोरियन कुटुंबातील मूल ‘इप्ता’ शिकते ते या सर्वांसह. शब्दसूचीत ‘वेअर’समोर ‘इप्ता’ लिहिले जाते तेव्हा यांतले काहीच त्या ओळीत मावत नाही, आणि त्याची कोणाला आठवणही होत नाही.

भाषेतील ही विभाजने किती लवकर रुजतात याविषयी सून्जा चोई आणि मेलिसा बाउअरमन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेले संशोधन महत्त्वाचे आहे. त्यांनी इंग्रजी आणि कोरियन बोलणाऱ्या घरांतील बालकांची स्थलवाचक भाषा तपासली. इंग्रजी भाषा वस्तू ‘आत’ ठेवली की ‘वर’, हा भेद करते. कोरियन भाषेचे ‘क्किदा’ मात्र घट्ट बसणे या गुणाकडे पाहते. बोटावर अंगठी, लेखणीवर टोपण, पेटीत नेमकी बसणारी कॅसेट या तिन्ही ठिकाणी ‘क्किदा’. वाडग्यात सफरचंद ठेवायचे असेल तर वेगळे क्रियापद. दीड वर्षाच्या आसपासची मुलेही आपापल्या भाषेच्या रेघेनुसार शब्द वापरतात, असे या संशोधकांना आढळले. पुढे २००४ मध्ये सुझन हेस्पॉस आणि एलिझाबेथ स्पेल्के यांनी दाखविले की इंग्रजी भाषक घरांतील पाच महिन्यांच्या अर्भकांनाही घट्ट आणि सैल बसणे यांतील फरक जाणवतो, तर इंग्रजी बोलणारी प्रौढ माणसे आपणहून त्याकडे लक्ष देत नाहीत. म्हणजे मातृभाषा शिकताना मूल काही भेदांकडे पाहायला शिकते, तसेच काही भेदांकडे पाहणे सोडूनही देते. या प्रयोगांवरून प्रौढ अध्ययनार्थ्याविषयी थेट निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु ‘वेअर’ शिकणाऱ्या कोरियन विद्यार्थ्याकडून जे अपेक्षित असते ते याच जातीचे आहे. फरक इतकाच की, इंग्रज बालकाने जे बोलू लागण्याच्या वयात नकळत केले ते या विद्यार्थ्याने तेराव्या-चौदाव्या वर्षी करायचे असते. आणि तेही स्वभाषा बोलताना तो भेद जसाच्या तसा कायम ठेवून.

या शब्दात आणखी एक पेच आहे. ‘वेअर’ ही स्थिती आहे, कृती नाही. अंगावर कपडा चढविण्याच्या कृतीला इंग्रजीत वेगळी शब्दयोजना आहे. कोरियन भाषेतील ‘इप्को इत्ता’ ही रचना मात्र दोन्हींना पुरते : अंगरख्याच्या बाहीत हात घालत असलेला माणूस आणि सकाळपासून अंगरखा घालून बसलेला माणूस, दोघांचेही वर्णन तीच करते, संदर्भाने अर्थ ठरतो. त्यामुळे ‘थांबा, जोडे घालतो आहे’ असे सांगताना कोरियन विद्यार्थी ‘वेअर’ वापरून जातो. भारतीयांच्या इंग्रजीतही हे वाक्य सर्रास ऐकू येते. मराठी भाषकही त्याला अपवाद नाही. मात्र तो तेथे वेगळ्या वाटेने पोचलेला असतो. मराठीत ‘घालतो आहे’ आणि ‘घातला आहे’ हा भेद स्पष्ट आहे, परंतु ‘घालणे’ हे मुळात कृतिवाचक असल्यामुळे त्याचा प्रतिशब्द म्हणून शिकलेला ‘वेअर’ही कृतिवाचक होऊन बसतो. चूक एकच, कारणे दोन. चुकांच्या याद्या करणाऱ्या अभ्यासपद्धतीला हे कधीच दिसणार नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. कोरियन भाषेत ‘वेअर’ला व्यापक प्रतिशब्द नाही हे मुळातच खरे नाही. ‘छाग्योंग-हादा’ हा शब्द आहे. तो चिनी मूळच्या दोन अक्षरांपासून घडलेला असून टोपी, मुखवटा, पट्टा, गणवेश अशा सर्वांना लागतो. २०२० साली कोविडच्या साथीत मुखपट्टीसंबंधीच्या सूचनांमधून तो कोरियात जागोजागी वाचायला मिळत होता. मग शब्दसूचीत ‘इप्ता’ऐवजी हाच का देऊ नये?

याचे उत्तर मराठी वाचकाला स्वतःच्या भाषेतच सापडेल. मराठीत ‘परिधान करणे’ आहे. शब्दरचनेच्या दृष्टीने ते सर्वसमावेशक आहे. वस्त्रे परिधान करता येतात, आभूषणे परिधान करता येतात, वाहतुकीच्या सूचनेत शिरस्त्राणही परिधान करता येते. परंतु घरातून बाहेर पडताना कोणी चपला परिधान करीत नाही. कोरियन भाषेने चिनीकडून आणि मराठीने संस्कृतकडून जे व्यापक शब्द घेतले त्यांनी व्यापकपणा दिला, पण त्याच्याबरोबर फलकाची, परिपत्रकाची आणि समारंभाची भाषा आणली. ‘वेअर’चे वैशिष्ट्य असे की तो व्याप्तीने ‘छाग्योंग-हादा’ इतका मोठा आणि लकबीने ‘इप्ता’ इतका घरगुती आहे. या दोन गोष्टी एका शब्दात एकत्र येणे ही इंग्रजीची सोय आहे. कोरियन किंवा मराठी भाषेत ती सोय नाही. म्हणून कोणताही एक प्रतिशब्द दिला तरी तो एका बाजूने तोकडा पडतो. प्रतिशब्द देऊ नये असा याचा अर्थ नाही. एकच देऊन थांबू नये, एवढाच आहे. मोठे इंग्रजी–कोरियन कोश कंसात चार-पाच क्रियापदे देतातही. पाठांतराच्या पुस्तिकेत येताना मात्र त्यांतले पहिले तेवढे उरते.

ही पुस्तिका इतकी प्रबळ का झाली, हे कोरियातील इंग्रजी अध्यापनाच्या इतिहासाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. १८८६ मध्ये राजाश्रयाने स्थापन झालेल्या ‘युग्यॉंग कोंगवॉन’ या शाळेत अमेरिकन शिक्षक इंग्रजी शिकवीत. त्यांतील होमर हल्बर्ट यांनी पुढे कोरियन आणि भारतातील द्राविडी भाषांच्या व्याकरणांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. त्यातील आप्तसंबंधाचा विचार आज कोणी मानीत नाही. परंतु परभाषा शिकविणाऱ्याने विद्यार्थ्याच्या भाषेकडे इतक्या कुतूहलाने पाहिले, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. १९१० ते १९४५ या जपानी राजवटीत व्याकरण-भाषांतर पद्धती स्थिरावली आणि शब्दसूचीला तिच्यात मानाचे स्थान मिळाले. १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेत इंग्रजी आले. विद्यापीठ प्रवेशासाठी १९९३ मध्ये प्रथम घेतल्या गेलेल्या ‘सुनुंग’ परीक्षेत इंग्रजीच्या श्रवणविभागाच्या वेळी सुमारे ३५ मिनिटे विमानांची उड्डाणे आणि अवतरणे थांबविली जातात. या परीक्षेच्या इंग्रजीत ४५ प्रश्न असतात, त्यांपैकी १७ श्रवणाचे, आणि सर्वच्या सर्व बहुपर्यायी. विद्यार्थ्याला एकही वाक्य लिहावे वा बोलावे लागत नाही. अशा परीक्षेला ‘वेअर म्हणजे इप्ता’ एवढे ज्ञान पुरेसे होते. तेथे शब्द ओळखायचा असतो, वापरायचा नसतो. आणि ज्याने शब्द वापरलाच नाही त्याला त्या समीकरणातील उणीव जाणवण्याचा प्रसंगच येत नाही.

या स्थितीवर जे उपाय सुचविले गेले त्यांचा रोख मात्र भलतीकडेच राहिला. जानेवारी २००८ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सत्ताग्रहणाची पूर्वतयारी करणाऱ्या समितीच्या प्रमुख ली ग्यॉंग-सुक यांनी, ‘ऑरेंज’ हा शब्द कोरियन लेखनाप्रमाणे उच्चारल्यास अमेरिकेत समजत नाही, तो ‘ऑरिंजी’च्या जवळपास उच्चारावा लागतो, असे सांगून परकीय शब्दांच्या लेखननियमांत बदल सुचविला. १९८६ पासून अमलात असलेल्या त्या नियमांवर आणि त्या उच्चारावर देशभर चर्चा झाली, थट्टाही झाली. इतर विषयही इंग्रजीतून शिकविण्याची त्याच सुमारास पुढे आलेली कल्पना विरोधामुळे मागे घ्यावी लागली. संत्रे हे कोरियात आणि अमेरिकेत एकच फळ आहे. त्या शब्दात शिकण्यासारखे काही असेल तर ते उच्चारातच असणार. ज्या शब्दांत जगाची वाटणीच निराळी आहे त्यांच्याविषयी समिती नेमली गेली नाही, थट्टाही झाली नाही. उच्चाराची चूक ऐकू येते, म्हणून तिची लाज वाटते. अर्थाची चूक बहुधा ऐकूच येत नाही.

‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे’ या आग्रहाचे मूळही येथेच आहे. वर्गातून कोरियन भाषा बाहेर ठेवली की विद्यार्थी इंग्रजीत विचार करू लागेल, असे त्यामागील गृहीतक असते. प्रत्यक्षात विद्यार्थी कोरियन बाहेर ठेवून वर्गात येत नाही. तो फक्त ती दाखवीत नाही. चित्रातील टोपीकडे बोट दाखवून शिक्षक ‘वेअर’ म्हणतो तेव्हा विद्यार्थी मनात ‘स्सुदा’ म्हणतो, आणि जोड्याकडे बोट दाखविले की ‘शिन्ता’. मग निदान ही गोष्ट उघडपणे का होऊ नये? टोपी, छत्री, जोडा, अंगठी, टाय, घड्याळ एवढ्या वस्तू समोर ठेवून विद्यार्थ्यांकडून त्यांची क्रियापदे काढून घ्यावीत. आपली भाषा कोणता प्रश्न विचारते हे त्यांनाच शोधू द्यावे. आणि मग इंग्रजी हा प्रश्न विचारीत नाही, छत्रीला मात्र ती या गटातच घेत नाही, हे सांगावे. या धड्याला फार तर एक तासिका लागेल. तीत इंग्रजीतील एक शब्द तर पक्का होतोच. शिवाय विद्यार्थ्याला स्वतःची भाषा प्रथमच बाहेरून दिसते. एरवी सहा क्रियापदांपैकी एकाला ‘खरा अर्थ’ आणि उरलेल्या पाचांना ‘अपवाद’ असा दर्जा मिळतो, आणि स्वभाषेतील सूक्ष्म व्यवस्था ही परभाषा शिकण्यातील अडगळ ठरते. भर्तृहरीच्या परंपरेत वाक्यातून पद वेगळे काढणे हा केवळ शास्त्राच्या सोयीसाठी केलेला ‘अपोद्धार’ मानला जातो. शब्दसूची हा त्याच जातीचा अपोद्धार आहे. ती मात्र स्वतःला सोय न म्हणता भाषा म्हणवून घेते.

कोरियन भाषेवर इंग्रजीचे आक्रमण झाले आहे, असा सूर पुष्कळदा लावला जातो, आणि त्याचा पुरावा म्हणून आयात नामांच्या याद्या दिल्या जातात. पोशाखाच्या क्षेत्रात अशी नामे भरपूर आहेत. झग्याला ‘वन-पीस’, पुरुषांच्या सदऱ्याला जपानीमार्गे आलेला ‘वाय-शर्ट’, खेळाच्या कपड्यांना ‘ट्रेनिंग’पासून झालेला शब्द. परंतु ही नामे कोरियन वाक्यात आली की काय होते? ‘वन-पीस’ला ‘इप्ता’, ‘नेकटाय’ला ‘मॅदा’, डोळ्यांत बसवायच्या ‘काँटॅक्ट लेन्स’ना ‘क्किदा’. पाहुणे आले आणि यजमानाने त्यांना आपल्या घरातील खोल्या नेमून दिल्या. मराठीनेही टाय बांधला, पट्टा लावला, मुखपट्टीला ‘लावणे’ दिले. नाम परके आले म्हणून भाषेचे अर्थविभाजन ढळत नाही. क्रियापदे ढळू लागली तर मात्र काळजीचे कारण आहे, आणि त्यांच्याकडे शुद्धिवाद्यांचे लक्ष सहसा नसते. ‘साडी घातली’ हा प्रयोग आता सुशिक्षित मराठी घरांतही कानी पडतो. त्याचे खापर एकट्या इंग्रजीवर फोडणे योग्य होणार नाही. हिंदीतील ‘पहनना’ही व्यापक आहे, आणि साडी रोज नेसली जात नाही हे कारण तर सर्वांत मोठे. पण जिला शाळेत ‘वेअर म्हणजे घालणे’ एवढेच शिकविले गेले त्या मुलीला ‘नेसणे’ हा शब्द एखाद्या वेळी अनावश्यक वाटला, तर नवल नाही.

उलट बाजूने पाहिले तर ‘वेअर’मध्येही असे बरेच आहे जे ‘इप्ता’त नाही. वस्त्र अंगावर राहते, वापरले जाते, आणि वापरता वापरता विरते. इंग्रजीत हा सगळा प्रवास एकाच धातूत सामावलेला आहे. अंगावर असणे आणि झिजत जाणे ही एकाच शब्दाची दोन टोके आहेत. पायऱ्यांचा दगड, चेहरा, धीर या सर्वांना तो लागतो. कोरियन शब्दसूची येथे दुसऱ्या ओळीत वेगळा शब्द देते आणि विद्यार्थी ‘वेअर’ नावाचे दोन शब्द शिकतो. व्यवहारात याने फारसे बिघडत नाही. इंग्रजी कविता वाचताना मात्र बिघडते. कवीने जेथे दोन्ही टोकांना एकदम स्पर्श केलेला असतो, तेथे वाचकाला एकच टोक हाती लागते, आणि काही राहून गेले आहे याची त्याला शंकाही येत नाही. ‘झिजणे’ आणि ‘घालणे’ वेगवेगळे असलेल्या मराठी वाचकाची अवस्थाही याहून निराळी नाही.

भाषांतरकारापुढे हा प्रश्न वाक्यरचनेच्या रूपात येतो. इंग्रजी कथनात एक क्रियापद देऊन त्याच्यापुढे टोपी, हातमोजे, बूट अशी माळ लावता येते. पात्राचे वर्णन एका दमात पुरे होते. कोरियन भाषांतरकाराला तीन क्रियापदे लागतात, किंवा ‘छाग्योंग-हादा’ वापरून पात्राला नियमावलीतील माणूस करावे लागते. मराठीत टोपी, हातमोजे आणि बूट एका ‘घालणे’वर निभावून जातात; नऊवारी, नथ आणि गजरा आले की तेथेही वाक्य तीन ठिकाणी थांबते. अशा थांबण्याला भाषांतराची अडचण म्हणण्याची पद्धत आहे. कोरियन गद्याची लय मात्र त्या थांबण्यातूनच घडलेली असते : डोक्यापासून पायापर्यंत नजर उतरत जाते आणि प्रत्येक अवयवापाशी एक क्रियापद उच्चारले जाते.

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने सप्टेंबर २०२१ मध्ये कोरियन मूळचे जे २६ शब्द समाविष्ट केले, त्यांत ‘हानबोक’ हा पारंपरिक कोरियन पोशाखाचा शब्द आहे. या पोशाखातील ‘जॉगोरी’ हा अंगरखा ‘इप्ता’, पायांतील ‘पॉसॉन’ हे मोजे ‘शिन्ता’, पुरुषाच्या डोक्यावरची ‘कात’ ही घोड्याच्या केसांची आणि बांबूची टोपी ‘स्सुदा’, आणि छातीवरची बंदांची गाठ ‘मॅदा’. इंग्रजी कोशात पोशाखाचे नाव गेले. ही चारही क्रियापदे कोरियातच राहिली. सोलच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थिनीला सणाच्या दिवसाविषयी इंग्रजीत निबंध लिहायचा असेल, तर आजोबांनी जे चार वेगवेगळ्या प्रकारे अंगावर चढविले ते तिला एका शब्दात सांगावे लागेल. तो शब्द तिला पहिल्या वर्षापासून येतो.